भ्रूणाची 'कुंडली' वाचता येते, पण किती? सिकलसेलच्या पट्ट्यातल्या घरांनी समजून घ्यायच्या गोष्टी

कामठा (ता. गोंदिया) : 'बाळ जन्माला येण्याआधीच त्याचा सगळा जिनोम वाचता येतो', 'उंच आणि हुशार मूल निवडता येतं', असे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर दिसतात. अमेरिकेतल्या काही कंपन्या अशी सेवा खरोखरच विकतात. टेस्ट ट्यूब पद्धतीने तयार झालेल्या भ्रूणातल्या चार-दोन पेशी काढायच्या, यंत्रावर वाचायच्या आणि कोणतं भ्रूण चांगलं त्याचा क्रम लावायचा, असं ते तंत्र आहे.

कामठा आणि आसपासच्या गावांना हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. एखाद्या घरात एक मूल या आजाराने कण्हत असतं आणि दुसऱ्या मुलाचा विचार करताना आईबापाची झोप उडते. अशा घराला 'भ्रूण तपासून घ्या' हा सल्ला कधी ना कधी कानावर येतोच. कोणी खरी माहिती देतं, कोणी नुसती आशा विकतं. म्हणून या तपासणीत काय कळतं, काय कळत नाही, कायदा काय सांगतो आणि खिशातून लाखो रुपये काढण्याआधी कोणती साधी तपासणी करून घ्यावी, ते नीट समजून घेतलेलं बरं.

भ्रूण वाचायचं म्हणजे काय?

माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. या गुणसूत्रांवर डीएनएची लांबच लांब लिखावट असते. ती फक्त चार अक्षरांत लिहिलेली असते. एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं भरतात. ही सगळी लिखावट म्हणजे जिनोम आणि ती यंत्राने वाचणं म्हणजे जिनोम सिक्वेन्सिंग.

टेस्ट ट्यूब पद्धतीत बाईला इंजेक्शनं देऊन अंडी वाढवतात, ती बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत नवऱ्याच्या शुक्राणूंशी मिलन घडवतात. तंत्र आता जुनं झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नातून ६ ऑगस्ट १९८६ ला असं बाळ जन्मलं, त्याला चाळीस वर्षं होत आली.

भ्रूण पाच-सहा दिवसांचं झालं की त्यात शंभरावर पेशी असतात. त्यातल्या बाहेरच्या थरातून, म्हणजे ज्यातून पुढे वार तयार होते तिथून, पाच ते दहा पेशी काढतात. भ्रूण गोठवून ठेवतात आणि पेशी तपासणीला जातात. या तपासणीला 'प्री-इम्प्लांटेशन जेनेटिक टेस्टिंग' किंवा थोडक्यात पीजीटी म्हणतात. गर्भपिशवीत ठेवण्याआधीची ही तपासणी आहे.

यात भ्रूणात काहीही बदललं जात नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. २०१८ मध्ये चीनच्या एका शास्त्रज्ञाने भ्रूणाची जनुकंच बदलली होती. जगभर त्याचा निषेध झाला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. ते वेगळं प्रकरण. पीजीटीत फक्त वाचतात आणि वाचून कोणतं भ्रूण गर्भपिशवीत ठेवायचं ते ठरवतात.

'लो-कव्हरेज' म्हणजे पोत्यातली मूठभर धान

धान खरेदी केंद्रावर पोतं आलं की कोणी एकेक दाणा तपासत बसत नाही. पोत्याला टोचून मूठभर धान काढतात, ओलावा पाहतात, काडीकचरा पाहतात आणि पोत्याचा अंदाज घेतात. लो-कव्हरेज सिक्वेन्सिंग याच जातीचं आहे.

यंत्र डीएनए सलग वाचत नाही. त्याचे बारीक तुकडे करून, साधारण शंभर-दीडशे अक्षरांचा एकेक तुकडा वाचतं. माणसाचा जिनोम पक्का वाचायचा तर प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचतात. त्याला ३० पट वाचन म्हणतात. लो-कव्हरेजमध्ये हेच वाचन एक पट किंवा त्याहून कितीतरी कमी असतं. वाचन ०.१ पट असेल तर दर दहा अक्षरांतली नऊ अक्षरं यंत्राने पाहिलेलीच नसतात. एक पट वाचलं तरी सुमारे एक तृतीयांश जागा कोऱ्या राहतात, कारण काही जागा दोन-तीनदा वाचल्या जातात आणि काही सुटून जातात.

मग एवढ्या अर्धवट वाचनाचा उपयोग काय? मोजणीसाठी उपयोग. २१ नंबरचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असेल तर त्याचे तुकडे दीडपट दिसतात. डाऊन सिंड्रोमचं हे कारण. मुठीतल्या दाण्यांवरून पोत्याचा ओलावा कळावा तसं ते कळतं. म्हणून गुणसूत्रं कमी-जास्त आहेत का हे पाहायला लो-कव्हरेज वाचन स्वस्त आणि पुरेसं ठरतं.

याच तंत्राचा एक भाऊबंद आता शहरातल्या गरोदर बायकांना सुचवला जातो. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून रक्त घेऊन त्यातले बाळाच्या वारेतून आलेले डीएनएचे तुकडे मोजतात. त्याला एनआयपीटी म्हणतात. त्यातही डाऊन सिंड्रोमसारख्या गोष्टींची शक्यता कळते. ती फक्त चाळणी आहे, पक्कं निदान नाही. रिपोर्ट संशयास्पद आला तर पुढची तपासणी करूनच निर्णय घ्यायचा असतो.

एका अक्षराचा आजार

आता आपल्या पट्ट्यातला मुख्य प्रश्न. सिकलसेलमध्ये गुणसूत्रांची संख्या बरोबर असते. सगळं बिघडतं ते एका अक्षरामुळे. ११ नंबरच्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिन बनवण्याची सूचना लिहिलेली असते. त्यात एका ठिकाणी 'ए' ऐवजी 'टी' हे अक्षर येतं. तेवढ्याने हिमोग्लोबिन बदलतं आणि प्राणवायू कमी पडला की गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, कंबर, छाती यांत असह्य कळा येतात. रक्त कमी होतं, कावीळ होते, जंतुसंसर्ग लवकर होतो. काहींना लहानपणीच लकवा मारतो.

विदर्भात हा आजार आहे हे आज कळलेलं नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा अभ्यास १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या मासिकात छापला होता. मलेरियाचा जोर असलेल्या जंगलपट्ट्यात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला. कारण एकच बदललेली प्रत असलेल्या माणसाला जिवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणजे हा कोणाच्या पापाचा किंवा कुळाच्या दोषाचा विषय नाही. डासांच्या मुलखात जगलेल्या पूर्वजांची ती खूण आहे. अमुक जातीलाच होतो हेही खरं नाही. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर समाजांतही रुग्ण आहेत.

आता मघाचं पोतं आठवा. पोत्यातून मूठभर दाणे काढले तर ओलावा कळेल, पण एखादा ठरावीक दाणा त्या मुठीत सापडेलच असं नाही. ०.१ पट वाचनात सिकलसेलचं ते एक अक्षर न वाचलं जाण्याची शक्यता दहात नऊ आहे. म्हणून 'आम्ही भ्रूणाचा सगळा जिनोम तपासला' असं कोणी म्हणालं, तरी त्यात सिकलसेल तपासला गेला असं धरून चालू नका. गुणसूत्रांची मोजणी ही एक तपासणी आहे आणि सिकलसेलसारख्या एका जनुकाची तपासणी दुसरी. त्यासाठी आईबापाच्या रक्तावर आधी वेगळी तयारी करावी लागते.

त्यात आणखी एक अडचण असते. पाच-दहा पेशींतला डीएनए इतका थोडा असतो की वाचण्याआधी त्याच्या लाखो प्रती काढाव्या लागतात. प्रती काढताना आईकडची किंवा बापाकडची एखादी प्रत गळू शकते. मग रिपोर्ट चुकू शकतो. चांगल्या प्रयोगशाळा म्हणूनच फक्त त्या एका अक्षरावर विसंबत नाहीत. त्याच्या आजूबाजूच्या खुणाही तपासतात.

आजोबाची पोथी, आजीची पोथी

आजूबाजूच्या खुणा म्हणजे काय, हे समजलं की थोडं वाचून जास्त कसं कळतं तेही समजतं.

समजा, आईकडे तिच्या बापाची एक पोथी आहे आणि तिच्या आईची एक. दोन्ही पोथ्या जवळपास सारख्याच, फक्त मधूनमधून एखादा शब्द वेगळा. आई आपल्या बाळाला जी पोथी देते ती या दोन्हींतून तयार होते. पण शब्दाशब्दाने मिसळून नाही. पहिले दहा अध्याय आजोबाच्या पोथीतले, पुढचे पंधरा आजीच्या, असे मोठमोठे भाग जोडून ती बनते. मग बाळाच्या पोथीतली प्रत्येक ओळ वाचायची गरज नाही. एका अध्यायातल्या चार-पाच वेगळ्या खुणा सापडल्या की तो अध्याय आजोबाचा की आजीचा हे कळतं. आजोबाच्या पोथीत सिकलसेलची चूक असेल आणि बाळाला तोच अध्याय आला असेल, तर चूकही आली, हे ओघाने आलंच.

याच युक्तीवर लो-कव्हरेज भ्रूण-वाचनाचं पुढचं संशोधन उभं आहे. आईबापाचा जिनोम पक्का, ३० पट वाचायचा. भ्रूणाचा वरवर वाचायचा. मग संगणकाने दोन्ही जुळवून भ्रूणाच्या कोऱ्या जागा भरायच्या. यामुळे थोड्या पेशींतूनही भ्रूणाच्या जिनोमचा बराचसा भाग अंदाजाने उभा करता येतो. तो अंदाज चांगला असतो, तरी अंदाजच असतो. आईबापात नसलेला, भ्रूणातच नव्याने झालेला बदल या पद्धतीने सहसा सापडत नाही. आणि सिकलसेलसाठी कुटुंबातली चूक नेमकी कोणत्या पोथीत आहे हे आधी माहीत असावं लागतं. त्याकरता आजारी मुलाचं किंवा आजी-आजोबांचं रक्तही मागितलं जातं.

एका जनुकाची भ्रूण-तपासणी करून सिकलसेल नसलेलं बाळ जन्माला घालता येतं, हे मात्र सिद्ध झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अशी पहिली यशस्वी गर्भधारणा नोंदवली. सिकलसेलच्या घरासाठी या तंत्राचा खरा उपयोग तिथे आहे.

उंच आणि हुशार मुलाचं काय?

इथे जाहिरातीची भाषा आणि विज्ञानाची भाषा वेगळी होते.

सिकलसेल एका अक्षराचा खेळ. उंची तशी नाही. २०२२ मध्ये 'नेचर' मासिकात छापलेल्या अभ्यासात सुमारे ५४ लाख लोकांची माहिती तपासली, तेव्हा उंचीशी संबंध असलेल्या १२ हजारांवर जागा जिनोममध्ये सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम तांदळाच्या कणीएवढा. सगळ्यांची बेरीज करून एक गुण काढतात. त्याला पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात. मधुमेह, हृदयविकार, शिक्षण यांचेही असे गुण काढले जातात आणि काही कंपन्या याच गुणांवर भ्रूणांची क्रमवारी लावतात.

या गुणांवरून भ्रूण निवडलं तर फायदा किती? इस्राएलमधल्या हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये याचं उत्तर 'सेल' या मासिकात दिलं. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सरासरी भ्रूणापेक्षा सर्वांत जास्त गुणाचं भ्रूण निवडलं तर उंचीत सुमारे अडीच सेंटीमीटरचा आणि बुद्ध्यांकात सुमारे अडीच गुणांचा फरक पडेल, तोही सरासरीने. त्यांनी खरीखुरी २८ मोठी कुटुंबंही तपासली. ज्या भावंडाचा उंचीचा स्कोअर सर्वांत जास्त, तेच प्रत्यक्षात सर्वांत उंच निघालं अशी कुटुंबं फक्त चारात एक होती.

आपल्यासाठी आणखी एक गोम आहे. हे गुण बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून बनलेत. भारतीय माणसाला लावले की त्यांची अचूकता घसरते. भारताच्या 'जिनोमइंडिया' प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जिनोम वाचले गेले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. सुरुवात चांगली आहे, पण लाखो लोकांच्या अभ्यासापुढे दहा हजार हा आकडा लहान आहे. शिवाय, मुलाची वाढ त्याच्या ताटातलं वरण-भात, अंडी, दूध, अंगणवाडीतली हजेरी, वेळेवर लसी यांवरही ठरते. ते कोणत्याही स्कोअरमध्ये येत नाही.

गाईला चालतं, मग माणसाला का नाही?

हा प्रश्न जनावरं पाळणाऱ्या माणसाला पडणं साहजिक आहे. कारण गाई-म्हशींत हेच काम सरकारच करतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीम इथल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते 'गौचिप' आणि 'महिषचिप' या जनुकीय तपासणीच्या चिप देशाला दिल्या गेल्या. कालवडीचा डीएनए पाहून ती पुढे दूध किती देईल याचा अंदाज लहानपणीच घ्यायचा, असा त्यांचा उपयोग. त्याच कार्यक्रमात कालवडच व्हावी म्हणून लिंग वेगळं केलेल्या वीर्याचं देशी तंत्रही सुरू झालं.

गाईच्या बाबतीत ही निवड दुधासाठी असते. माणसाच्या बाबतीत तीच निवड मुलीच्या जिवावर उठते, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. भ्रूणाच्या तपासणीत मुलगा की मुलगी हे यंत्राला दिसतंच. म्हणून कायदा कडक आहे.

गर्भधारणापूर्व आणि प्रसवपूर्व निदानाचा १९९४ चा कायदा, म्हणजे आपण ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतो तो, २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भ राहण्याआधीच्या निवडीलाही लागू आहे. लिंग सांगणं गुन्हा आहे आणि विचारणंही. लिंग जाणून घेण्यासाठी तपासणी करवून घेणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असं कायदा धरून चालतो. त्यामुळे नवरा आणि नातेवाईक आधी अडकतात.

दुसरा कायदा टेस्ट ट्यूब केंद्रांसाठीचा, २०२१ चा. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा असं त्याचं नाव. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट आहे की भ्रूणाची जनुकीय तपासणी आधीपासून माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठीच करता येते. उंची, रंग, बुद्धी यांसाठी नाही. मुलगाच होईल अशी ऑफर देणाऱ्या केंद्राला पाच ते दहा वर्षांची कैद किंवा १० ते २५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तपासणीनंतर आजारी ठरलेलं भ्रूण संशोधनाला द्यायचं असेल तर जोडप्याची संमती लागते. संशोधनासाठी भ्रूण परदेशात पाठवायला बंदी आहे. उपचार घेणाऱ्या बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ हवं.

सांगायचं ते इतकंच : भ्रूणातल्या सिकलसेलची तपासणी कायद्यात बसते, 'हुशार मुलगा' बसत नाही.

दोघंही वाहक असतील तर?

सिकलसेलचा हिशेब गावातल्या प्रत्येक घराला पाठ असावा असा आहे. रिपोर्टवर 'एए' म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या. 'एएस' म्हणजे एक प्रत बदललेली, माणूस वाहक, पण सहसा आजारी नाही. 'एसएस' म्हणजे दोन्ही बदललेल्या, माणूस ग्रस्त.

• एए आणि एएस : कोणतंही मूल एसएस होत नाही. वाहक होण्याची शक्यता निम्मी.
• एएस आणि एएस : प्रत्येक खेपेला एसएस होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्ण चांगलं होण्याची चारात एक.
• एएस आणि एसएस : निम्मी शक्यता एसएसची.
• एए आणि एसएस : सगळी मुलं वाहक, पण एसएस कोणी नाही.

'एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील' हा समज चुकीचा आहे. प्रत्येक गरोदरपणात फासा नव्याने पडतो. आणखी एक बारीक गोष्ट : एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मुलाला आजार होऊ शकतो. म्हणून नुसत्या गाळणीच्या चाचणीवर थांबू नये.

लग्न झालेलं आहे, दोघंही एएस आहेत आणि मूल हवं आहे, अशा जोडप्यापुढे चार वाटा असतात.

पहिली वाट, नैसर्गिक गर्भधारणा आणि गर्भाची तपासणी. साधारण १० ते १२ व्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा किंवा १६ व्या आठवड्याच्या आसपास गर्भजल घेऊन बाळ एसएस आहे का ते पाहतात. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेचं या कामातलं नाव जुनं आहे. रिपोर्ट काय आला आणि पुढे काय करायचं हा निर्णय जोडप्याचा. गर्भपात करायचा झाला तर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. त्यानंतर अटी वाढतात. म्हणून दिवस गेल्याचं कळताच हालचाल हवी.

दुसरी वाट, टेस्ट ट्यूब आणि भ्रूणाची तपासणी. गर्भपाताचा प्रसंग सहसा टळतो, हा तिचा मोठा फायदा. पण खर्च लाखांत जातो. इंजेक्शनं, अंडी काढणं, महिनोन्‌महिने नागपूर-मुंबईच्या खेपा. समजा सहा भ्रूणं तयार झाली, तर सरासरीने दीड एसएस निघेल, बाकीची वापरता येतील. त्यातही गुणसूत्रांचा दोष असलेली बाजूला पडतात आणि ठेवलेलं प्रत्येक भ्रूण रुजतंच असं नाही. वाहक भ्रूण फेकून देण्याची गरज नसते. ते बाळ सहसा आईबापासारखंच धडधाकट राहतं. आणि गर्भ राहिल्यावर खात्रीसाठी वारेची किंवा गर्भजलाची तपासणी करायला डॉक्टर सांगतातच.

तिसरी वाट, मूल दत्तक घेणं किंवा दात्याचं बीज वापरणं.

चौथी वाट, काहीच न तपासता मूल होऊ देणं, पण जन्मल्याबरोबर त्याचं रक्त तपासून घेणं. ही वाट निवडणाऱ्यांना कमी लेखायचं कारण नाही. वेळेत कळलं तर लसी, पेनिसिलिन, फॉलिक अॅसिड आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे झटके बरेच कमी होतात. सिकलसेल झालेलं मूल म्हणजे संपलेलं मूल नव्हे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केलेला आहे. प्रमाणपत्र मिळालं तर त्याचे हक्कही मिळतात.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

भ्रूण-तपासणीचा सल्ला मिळाला तर केंद्राला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

१. केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
२. तुम्ही गुणसूत्रांची मोजणी करणार की सिकलसेलची तपासणी? की दोन्ही?
३. सिकलसेल कसा शोधणार? नुसतं एक अक्षर पाहणार की आईबापाच्या रक्तावरून आजूबाजूच्या खुणाही जुळवणार?
४. चुकीच्या रिपोर्टची शक्यता किती? गर्भ राहिल्यावर पुन्हा तपासणी कोण करणार, तिचा खर्च वेगळा का?
५. एकही भ्रूण वापरण्याजोगं निघालं नाही तर पैशाचं काय?
६. आमच्या जनुकांची माहिती कोणाकडे राहणार? आमच्या सहीशिवाय ती संशोधनाला किंवा दुसऱ्या कंपनीला देणार नाही ना?

संमतीचा कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि 'मुलगाही होईल' असं कोणी हळूच म्हणालं, तर तिथून उठून या आणि तक्रार करा.

आधी रक्त, मग बाकी सगळं

ज्याला सिकलसेलची भीती आहे त्याला जिनोम वाचायच्या यंत्रापर्यंत जायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. स्वतःची स्थिती कळायला बोटातून घेतलेल्या रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी पुरेशी सुरुवात आहे. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की ग्रस्त हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने पक्कं होतं. थॅलेसेमियाचा अंदाजही एचपीएलसीत येतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला सोल्युबिलिटी चाचणी चालत नाही, त्याच्यासाठी डॉक्टर वेगळी तपासणी सांगतात.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे त्याचं लक्ष्य. त्याआधी ११ डिसेंबर २०२२ ला आयसीएमआरचं चंद्रपुरातलं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं संशोधन केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. कामठ्यासारख्या गावातल्या माणसाने मात्र सुरुवात आशाताईपासून करावी. ती जवळच्या आरोग्य केंद्राची वाट दाखवेल. पुढे गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच.

ही तपासणी सोयरीक जुळवण्याआधी झाली तर सर्वांत चांगलं. पत्रिका पाहायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात रक्ताचा कागद पाहून होतो. दोघंही एएस निघाले म्हणजे लग्न मोडायलाच हवं असं नाही. वर सांगितलेल्या वाटा माहीत असल्या की ते जोडपं डोळे उघडे ठेवून निर्णय घेऊ शकतं. पण रिपोर्ट पोरीचाच मागायचा आणि पोराचा लपवायचा, हे चालणार नाही. आजार व्हायला दोन्हीकडची प्रत लागते. म्हणून आजारी मूल झालं की सुनेला बोल लावणं हे विज्ञानातही बसत नाही आणि माणुसकीतही. रिपोर्टचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकणंही तितकंच चुकीचं. तो कागद त्या माणसाचा आणि त्याच्या डॉक्टरचा.

भ्रूण-वाचनाचं तंत्र पुढे स्वस्त होईल, अचूकही होईल. तोवर अविवाहित पोरापोरींनी, नवीन जोडप्यांनी आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या गरोदर बायकांनी आपला रिपोर्ट एए आहे की एएस, एवढं तरी माहीत करून घ्यावं. रोवणीच्या दिवसांत एक सकाळ खाडा पडला तरी चालेल. त्या कागदावरची दोन अक्षरं लाख रुपयांच्या तपासणीआधी कामाला येतात.